परदेशावर मुलांसाठी लिहायचंय? आधी वाक्याला बांध घाला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातली मुलं येतात, बरीचशी मराठी शाळेतली, काही कन्नड मीडियमची पण घरात मराठी बोलणारी, एकदोघांच्या घरी कोकणी. त्यातला चौथीतला एक पोरगा आफ्रिकेवरचं जुनं पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "मावशी, हे पुस्तक खोटं बोलालंय काय?" म्हटलं का रे बाबा. तर त्याचे काका नैरोबीत कामाला आहेत आणि जुलैत त्यांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकलेला, अंगात जाड स्वेटर, हातात चहाचा कप. आणि पुस्तकात छापलेलं, आफ्रिकेत कडक ऊन असते त्यामुळे तेथील लोक कमी कपडे वापरतात. म्हणजे एकतर काका खोटे नाहीतर पुस्तक खोटं. तिसरं काही असू शकतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता खरं काय, तर आफ्रिका हा देश नाही, तो खंड आहे आणि त्यात ५४ देश आहेत. त्यातल्या केनियाची राजधानी नैरोबी. समुद्रसपाटीपासून उंची साधारण १,७९५ मीटर, म्हणजे बेळगावच्या (७५० मीटरच्या आसपास) दुपटीपेक्षा जास्त, महाबळेश्वरपेक्षाही वर. त्यामुळे विषुववृत्त केनियातूनच जात असलं तरी जुलैत नैरोबीत पहाटे पारा १२ अंशांपर्यंत उतरतो आणि स्वेटर लागतोच. त्याच केनियात मोंबासाला समुद्राची दमट गरमी आणि उत्तरेला तुर्काना तळ्याकडं कोरडं रखरखीत ऊन. हे सगळं एका देशातलं, बाकीचे ५३ तर सोडाच.

त्या पोराला विषय अवघड गेला नव्हता, हे लक्षात घ्या. त्याला ते वाक्य कळलं होतं, अगदी नीट कळलं होतं. फक्त ते वाक्य कुठपर्यंत खरं आणि कुठून पुढं खरं नाही, हे वाक्यानं सांगितलं नव्हतं. मी बारा वर्षं मुलांबरोबर अशी पुस्तकं वाचतेय आणि माझं मत आता पक्कं झालंय की परदेशावरचं पुस्तक मुलांना गोंधळात टाकतं ते अवघड शब्दांमुळं फार कमी वेळा, बहुतेक वेळा वाक्याला बांध नसल्यामुळं. शेताला बांध असतो ना, आपलं इथपर्यंत, पुढं दुसऱ्याचं, तसा.

म्हणून हा लेख. शाळेच्या हस्तलिखितासाठी, दिवाळी अंकाच्या मुलांच्या पानांसाठी किंवा एखाद्या छोट्या पुस्तकासाठी पहिल्यांदाच दुसऱ्या देशाबद्दल लिहायला बसणाऱ्या शिक्षकांसाठी, डीएड करणाऱ्यांसाठी, आईवडिलांसाठी. पायऱ्या मी ज्या क्रमानं स्वतः करते त्या क्रमानं दिल्यात.

पायरी १ : अख्खा देश घेऊ नका, एक प्रश्न घ्या

नवीन माणूस पहिली चूक इथं करतो. "जपान" असं वर लिहितो आणि मग राजधानी, चलन, क्षेत्रफळ, राष्ट्रीय फूल, मुख्य पीक, प्रसिद्ध ठिकाणं, खाणं, सण, एकामागून एक. ते वाचून मुलाच्या हाताला काही लागत नाही कारण त्यातल्या एकाही गोष्टीचा दुसरीशी संबंध दाखवलेला नसतो. त्यापेक्षा "जपानमधली मुलं शाळेत स्वतः झाडू का मारतात" एवढाच प्रश्न घ्या. त्यात शाळा येते, घर येतं, वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं ते येतं, जेवणाचं वाटप मुलं करतात ते येतं, आणि सगळं एका दोरीत ओवलं जातं.

प्रश्न शोधायला लांब जायची गरज नाही, आपल्या सीमाभागात तर नाहीच नाही. संकेश्वरी मिरची घ्या. निपाणीचा तंबाखू घ्या. खानापूरकडचा काजू घ्या, आणि बटाटा. या चारही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडातल्या, आपल्याकडं पोर्तुगीजांच्या जहाजांच्या काळात आल्या, आणि बटाटा, काजू, तंबाखू हे आपले शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेत, पाव, पगार आणि चावी पण. आता मुलाला सांगा की लोंड्याच्या पुढं कॅसलरॉक स्टेशन आहे ना, तिथून पुढं १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची हद्द होती, म्हणजे तुझ्या पणजीच्या वेळी परदेश दूधसागरच्या अलीकडंच सुरू व्हायचा. मुलाचे डोळे बघा मग. पोर्तुगाल हा देश त्याच्यासाठी एकदम खरा होतो.

दुसरं उदाहरण. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आहे, सगळ्यांना माहीत. दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटचे जवान इटलीत लढले. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथं टायबर नदीच्या खोऱ्यात मारले गेले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालं आणि २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक झालं. इटलीवर लिहायचं असेल तर पिझ्झा आणि झुकलेल्या मनोऱ्याच्या आधी मी इथून सुरू करीन. रायगडकडचा एक मराठी तरुण तिथं कशाला गेला होता, हा प्रश्न मूल स्वतःच विचारतं, आणि उत्तर देता देता तुम्ही नदी, डोंगर, युद्ध, इंग्रजांचं राज्य सगळ्यातून फिरून येता.

पायरी २ : प्रत्येक वाक्याला विचारा, कोण, कुठं, कधी

ही मुख्य पायरी, इथं घाई करू नका, मीसुद्धा सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवते.

पहिला ड्राफ्ट जसा येईल तसा लिहून काढा. मग लाल पेन घ्या आणि प्रत्येक वाक्याखाली तीन प्रश्न विचारा. कोण? कुठं? कधी? ज्या वाक्याला तिन्हीची उत्तरं नाहीत ते वाक्य मुलाला फसवणार.

मंगोलियाचं उदाहरण देते कारण मंगोलियावरची पानं जवळजवळ सगळी एकाच साच्यातली असतात. नमुना असा:

"मंगोलियातील लोक तंबूत राहतात. ते घोड्यावरून फिरतात. ते घोडीचे दूध पितात. तेथे फार थंडी असते."

चार वाक्यं, चारही अर्धी खरी. मंगोलियाची लोकसंख्या साधारण ३५ लाख आणि त्यातले जवळपास निम्मे लोक एकट्या उलानबातर शहरात राहतात. तिथं उंच बिल्डिंगा आहेत, ट्रॅफिक जाम आहे, मुलं बसनं शाळेला जातात. आता हेच बांध घालून लिहू:

"मंगोलियातले काही लोक अजूनही गुरंमेंढरं घेऊन कुरणाकुरणानं फिरतात. त्यांचं घर गोल असतं, लाकडी सांगाड्यावर लोकरीचे जाड थर गुंडाळलेलं. त्याला ते गेर म्हणतात. मुक्काम हलवायचा झाला की घर उतरवतात आणि नव्या जागी पुन्हा उभं करतात. पण देशातले जवळपास निम्मे लोक उलानबातर या राजधानीच्या शहरात राहतात. तिथं कुणी फ्लॅटमध्ये राहतं, कुणी शहराच्या कडेला गेरमध्येच राहतं आणि तिथूनच ऑफिसला जातं. जानेवारीत शहरात रात्री उणे २० अंशांच्याही खाली थंडी जाते, जुलैत मात्र मुलं हाफ शर्टात खेळतात."

लांबी वाढली, हो. पण कुठं अडखळायला होतंय का बघा. मी दोन्ही नमुने मुलांसमोर वाचून बघितलेत आणि लांब वाचल्यावर मुलांनी जास्त प्रश्न विचारले. एका मुलीनं विचारलं की फ्लॅटमधल्या मुलांना घोडा येतो का चालवायला. पहिल्या नमुन्यावर असा प्रश्न येऊच शकत नाही कारण तिथं फ्लॅटमधलं मूल मुळात नाहीच.

काही शब्द दिसले की लगेच थांबायचं. "सगळे", "नेहमी", "प्रत्येक", "तेथील लोक", "पूर्वीपासून". "तेथील लोक" हा तर सगळ्यात फसवा, कारण तो वाचताना एकदम बरोबर वाटतो. आपल्याकडं लावून बघा. "बेळगावचे लोक मराठी बोलतात" असं कुणी परक्यानं लिहिलं तर? किंवा "बेळगावचे लोक कन्नड बोलतात" असं लिहिलं तर? आपल्या गल्लीत सकाळी दूधवाल्याशी एक भाषा, बसमध्ये दुसरी, मशिदीजवळच्या दुकानात दख्खनी उर्दू. आपल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही, ती यातच वाढतात. म्हणून एका देशात अनेक भाषा हे आपली मुलं चटकन समजतात, फक्त लेखकानं ते लिहायला पाहिजे. स्वित्झर्लंडच्या चार राष्ट्रीय भाषा आहेत म्हटलं की आमच्याकडं कुणी आश्चर्य करत नाही. उलट "मग शाळा कुठल्या मीडियमची" हा प्रश्न येतो, आणि तो फार चांगला प्रश्न आहे, त्याचं उत्तर पानात ठेवा.

कधी हा प्रश्न तर बहुतेक जण विसरतात. इग्लू! बर्फाच्या विटांचं घर. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ भागातले इनुइट लोक शिकारीच्या प्रवासात असताना ते तात्पुरतं बांधायचे, काही भागात हिवाळाभर राहायचे पण. आज तिथली मुलं हीटर असलेल्या पक्क्या घरात राहतात. "राहतात" आणि "राहायचे" यात मराठीत नुसता क्रियापदाच्या शेपटीचा फरक आहे पण मुलाच्या डोक्यात त्यानं पन्नास-शंभर वर्षांचा घोळ होतो.

पायरी ३ : तुलना करा, आणि तुलना कुठं संपते तेही सांगा

आकडा मुलांना कळत नाही असं म्हणतात, मला पटत नाही, नुसता टांगलेला आकडा कळत नाही. भूतानचं क्षेत्रफळ ३८,३९४ चौरस किलोमीटर, हे वाचून मोठ्यांना तरी काय कळतं? पण आपला बेळगाव जिल्हा साधारण १३,४०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे असे तीन जिल्हे शेजारी ठेवले की जवळजवळ भूतान. अथणीपासून खानापूरपर्यंतचा एसटीचा प्रवास केलेल्या मुलाला हे अंगात कळतं. आइसलँड हा अख्खा देश, त्याची लोकसंख्या ४ लाखांच्या आत. आणि २०११ च्या जनगणनेत एकट्या बेळगाव शहराची ४ लाख ८८ हजारांच्या आसपास होती. हे सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तिथं सगळे सगळ्यांना वळखत असतील!" तसं नाही होत, पण विचार कुठल्या दिशेनं गेला बघा.

एक सूचना, मिलियन आणि बिलियन मराठी मजकुरात तसेच ठेवू नका. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. भाषांतर करताना इथं एक शून्य सांडलं की देश दहापट होतो, आणि छापील पुस्तकात मी हे एकदा नाही तर अनेकदा बघितलंय. बदलून झालं की दुसऱ्या कुणाकडून तरी चेक करून घ्या.

आता तुलनेचा धोका. तुलना ही उधारीवर आणलेली वस्तू आहे, कुठं परत करायची ते माहीत पाहिजे. पेरू देशातला चुन्यो, म्हणजे वाळवलेला बटाटा, घ्या. बटाट्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, पेरू-बोलिव्हियाकडं, टिटिकाका तळ्याच्या आसपास, जिथं जमीनच ३,८०० मीटर उंचीवर आहे. तिथले शेतकरी जून-जुलैत बटाटे रात्री उघड्यावर पसरून ठेवतात, कडाक्याच्या थंडीनं ते गोठतात, दिवसा उन्हात वितळतात, मग पायानं तुडवून पाणी काढतात, आणि असं काही दिवस केलं की कडक हलका वाळलेला बटाटा तयार होतो जो वर्षानुवर्षं टिकतो. हे आपल्या मुलांना कसं सांगाल? "आपल्या वाळवणासारखं" हा शब्द आपसूक तोंडात येतो आणि तो चांगलाच आहे, आई-आजी उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचा कीस घालतात ते मुलांनी बघितलेलं असतं, पहारा पण केलेला असतो. पण एवढ्यावर थांबलात तर मूल समजणार की पेरूतही एप्रिल-मेच्या कडक उन्हात होतं. म्हणून लगेच पुढचं वाक्य लिहा: "आपलं वाळवण उन्हाच्या जोरावर होतं, त्यांचं आधी थंडीच्या जोरावर. आणि आपल्याकडं पाऊस असतो त्या जून-जुलैत तिथं हिवाळा असतो, कारण पेरू विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे." सारखं काय ते आधी, वेगळं काय ते लगेच मागून.

नावांचं पण असंच मस्त उदाहरण आहे. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं, बापाच्या (कधी आईच्या) नावाला मुलगा असेल तर सोन आणि मुलगी असेल तर दोत्तिर जोडतात. आपल्यासारखं बापाचं नाव मधे लावण्याची सवय असलेल्या मुलांना हे अर्ध्या मिनिटात कळतं. फरक दोन. एक, आपल्याकडं त्यापुढं आडनाव येतं, त्यांच्याकडं तिथंच संपतं, त्यामुळं एका घरातल्या बहीणभावांची शेवटची नावं वेगळी. दोन, आपल्याकडं लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलायची पद्धत आहे, तिथं बाई जन्मभर बापाचीच दोत्तिर राहते. हे वाचून सातवीतल्या मुली अर्धा तास भांडत होत्या की कुठली पद्धत बरी, आणि मी शांत बसून ऐकत होते, कारण पुस्तकानं याच्यापेक्षा जास्त काय करायचं.

पायरी ४ : नकाशा

नकाशात भारत दिसलाच पाहिजे. नुसता देशाचा आकार कापून चिकटवलेला नकाशा मुलाला काही सांगत नाही, तो ढगासारखा हवेत तरंगतो. छोटा जगाचा नकाशा, त्यात भारत आणि तो देश दोन रंगांत, आणि बाजूला मोठा करून देश. एवढं बास.

पण जगाचा नकाशा घेताना एक बघा. शाळेच्या भिंतीवर कितीतरी ठिकाणी मर्केटरच्या पद्धतीचा नकाशा असतो, १५६९ साली जहाजवाल्यांसाठी काढलेली पद्धत, दिशा बरोबर दाखवते पण ध्रुवांकडचे देश फुगवते. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या जवळपास १४ पट आहे आणि ग्रीनलंड (सुमारे २१.६६ लाख चौरस किमी) आपल्या भारतापेक्षाही (सुमारे ३२.८७ लाख) लहान. मुलांना हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, मग आम्ही पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून आकार गिरवतो आणि कापून एकमेकांवर ठेवतो. तुम्ही लेखात तसा खेळच देऊन टाका. आणि हो, ग्रीनलंड स्वतंत्र देश नाही, डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे, मुलं "जगातला सगळ्यात थंड देश" म्हणून लिहितात, तिथं पण बांध.

पायरी ५ : नावं कशी लिहायची

आपल्या गावाला तीन नावं आहेत, घरात बेळगाव, जुन्या इंग्रजी कागदावर बेलगाम, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी पाटीवर बेळगावी. म्हणजे एकाच जागेला एकापेक्षा जास्त नावं असतात हे आपल्या मुलाला पहिलीपासून माहीत असतं. मग जर्मन लोक स्वतःच्या देशाला डॉइचलांट म्हणतात, जपानी लोक निहोन, फिनलंडचे लोक सुओमी, हंगेरीचे लोक मॉद्यॉरोर्साग, हे सांगायला काय हरकत आहे? सांगाच. मथळ्यात मराठीत रुळलेलं नाव, पहिल्या परिच्छेदात तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव, आणि मग शेवटपर्यंत एकच नाव धरून चला. मधेच हॉलंड मधेच नेदरलँड्स केलं की मूल दोन देश समजतं, आणि त्यात मुलाची काय चूक?

उच्चाराच्या बाबतीत आपल्याकडं देवनागरीसारखं हत्यार आहे पण आपण इंग्रजी स्पेलिंग बघून लिहितो आणि वाया घालवतो. किरिबाती लिहितात, तिथले लोक म्हणतात किरिबास. आधी तिथल्या माणसाच्या तोंडून ऐका, व्हिडिओ मिळतात, मग लिहा. मराठीचा एक खास घोळ म्हणजे आपला च आणि ज दोन पद्धतीनं वाचला जातो. मध्य आफ्रिकेतला चाड हा देश, आमची पोरं "चाक" मधला च लावून वाचतात आणि मग बातम्यांत ऐकलं तर ओळखत नाहीत. अशा ठिकाणी सरळ लिहा, "चार मधला च". तीन शब्दांत काम होतं.

पायरी ६ : फोटो आणि त्याखालची ओळ

फोटोखाली "जपानी मुलगी" एवढंच असेल तर मूल समजतं की जपानी मुलगी रोज किमोनो घालून फिरते. "सणाच्या दिवशी किमोनो घातलेली मुलगी, क्योतो" असं लिहा. आपल्याकडं कुणी लग्नातल्या नऊवारीचा फोटो घेऊन खाली "मराठी बाई" लिहिलं तर कसं होईल, तसंच ते. दर सणाच्या फोटोमागं एक रोजचा फोटो पाहिजे, दप्तर, बस, दुकान, स्वयंपाकघर. मुलं सगळ्यात जास्त वेळ रोजच्याच फोटोकडं बघत बसतात, हा माझा अनुभव आहे.

फोटोचं साल पण टाका. जुना फोटो वापरायला हरकत नाही, जुना आहे हे लपवायला हरकत आहे.

पायरी ७ : माहितीवर तारीख घाला

मुलांच्या पुस्तकाचं आयुष्य मोठं असतं, आमच्या कपाटात तीस वर्षांची पुस्तकं आहेत आणि ती वाचलीही जातात. त्यामुळं "आज", "सध्या", "नुकतेच" हे शब्द लिहू नका, साल लिहा.

जपानमध्ये बेटं किती? बरीच वर्षं ६,८५२ हा आकडा सगळीकडं छापला जायचा. २०२३ मध्ये नव्या नकाशांवरून पुन्हा मोजली तर १४,१२५ भरली. समुद्रातून नवीन जमीन वर आली म्हणून नव्हे, मोजायची रीत सुधारली म्हणून. आता हे किती छान आहे मुलांसाठी! आकडा बदलला यापेक्षा का बदलला हे जास्त शिकवतं. देशांची नावं पण बदलतात, स्वाझीलंड २०१८ पासून एस्वातिनी आहे, मॅसेडोनिया २०१९ पासून उत्तर मॅसेडोनिया, कझाकस्तानची राजधानी तर २०१९ मध्ये अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि २०२२ मध्ये परत अस्ताना. आइसलँडमध्ये डास नाहीत ही तर मुलांची लाडकी माहिती, पण २०२५ च्या ऑक्टोबरात तिथं पहिल्यांदा उघड्यावर डास सापडले. ज्यांनी "आइसलँडमध्ये डास नाहीत" असं छापलं त्यांचं वाक्य आता चुकलं, ज्यांनी "२०२० पर्यंत आइसलँडमध्ये उघड्यावर डास सापडले नव्हते" असं लिहिलं असेल त्यांचं आजही बरोबर.

तपासायचं कसं? लोकसंख्या, क्षेत्रफळ, राजधानी हे त्या देशाच्या सरकारी आकडेवारीच्या साइटवर बघा. गुगलवर पहिलं जे दिसतं ते उचलू नका, निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी जुळलं पाहिजे आणि दोन्हींनी एकमेकांचंच कॉपी केलेलं नसावं. आणि तिथं राहून आलेला माणूस गाठा. आपल्या भागात प्रत्येक गावात कुणी ना कुणी आखातात नोकरी केलेलं आहे, कुणी बोटीवर होतं, फौजेतून शांतिसेनेत जाऊन आलेले निवृत्त जवान आहेत. त्यांना राजधानी विचारू नका, सकाळी कशाच्या आवाजानं जाग यायची ते विचारा, पाणी कुठून यायचं, पोरं काय खेळायची. पण त्यांचं सांगणंही त्या गावचं आणि त्या सालचं, हे लिहिताना विसरू नका.

पायरी ८ : विशेषणं काढा

विचित्र, गमतीशीर, अजब, मागासलेले, गूढ. हे सगळे काढून टाका. थायलंडमध्ये तळलेले किडे बाजारात विकतात, हे लिहायला काहीच अडचण नाही, "ईऽऽ" लिहायला आहे. मुलाला काय वाटायचं ते वाटू दे, तुम्ही आधी वाटून ठेवू नका. आपल्याकडं घाटाखाली आणि जंगलाच्या पट्ट्यात, खानापूरच्या बाजूलाही, लाल मुंग्यांची चटणी खातात हे इथल्या बऱ्याच मुलांना घरातूनच माहीत असतं, त्या मुलांनी तुमचं "ईऽऽ" वाचून काय समजायचं स्वतःबद्दल? ही गोष्ट मला मनापासून लागते म्हणून वेगळी पायरी केली.

उलटं पण करू नका, म्हणजे सगळं स्वच्छ सुंदर शिस्तीचं, लोक नेहमी हसतमुख. असा देश कुठं नसतो आणि मुलांना लगेच वास येतो.

पायरी ९ : छापायच्या आधी मुलांकडून ऐका

वाचून दाखवा असं मी म्हणत नाही. मुलाला वाचू द्या, पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, "आता हे तुझ्या लहान भावाला सांग." ते सांगत असताना तुम्ही गप्प बसून लिहून घ्या. जिथं मूल "तिथं सगळे..." असं सुरू करेल तिथं तुमचा बांध फुटलाय. जिथं दोन गोष्टींची सरमिसळ करेल तिथं तुम्ही त्या एका परिच्छेदात कोंबल्यात. जे अजिबात सांगणार नाही ते बहुतेक वेळा रंगीत चौकटीत टाकलेलं असतं, कारण पानाच्या चार कोपऱ्यांत चार चौकटी असल्या की नजर कुठून कुठं जायचं ते कळत नाही आणि मूल सगळंच सोडतं. एका पानावर एक चौकट, त्यापेक्षा जास्त नको. "कळलं का?" असं विचारू नका, मुलं "हो" म्हणतात, बाईंना वाईट वाटू नये म्हणून.

निदान तीन मुलं घ्या आणि शक्यतो त्यातलं एक असं असू दे ज्याच्या घरी मराठी बोलत नाहीत. आमच्याकडं उर्दू बोलणाऱ्या घरातली एक मुलगी येते, ती जिथं अडते तिथं दर वेळी वाक्यच वाकडं निघतं.

त्या आफ्रिकेच्या पुस्तकाचं काय केलं ते सांगायचं राहिलं. रद्दीत नाही टाकलं. त्या पोराला म्हटलं की काकांना फोन लाव, विचार, आणि पुस्तकाला चिठ्ठी जोड. त्यानं वहीचं अर्धं पान फाडून लिहिलं, "हे नैरोबीला लागू नाही. नैरोबी १,७९५ मीटर उंच आहे. जुलै महिन्यात स्वेटर लागतो. माझे काका तिथे आहेत." आणि त्या वाक्यासमोर डिंकानं चिकटवली. दोन आठवड्यांनी पुस्तक परत आलं तर चिठ्ठीखाली वेगळ्या अक्षरात पेन्सिलीनं एक ओळ वाढलेली होती, "मोंबासाला लागत नाही. नकाशात बघितले, समुद्राजवळ आहे."